इन्सुलिन वाढवूनही मांजराची साखर उतरत नाही : डोसाला हात लावण्यापूर्वी काय तपासावे

मधुमेही मांजर घरी सांभाळणाऱ्यांची एक तक्रार पुन्हापुन्हा ऐकू येते आणि तिचे स्वरूप बहुतेक वेळा सारखेच असते. इन्सुलिन दिवसातून दोनदा नियमाने दिले जाते, खाद्यही बदललेले असते, तरी सकाळच्या इंजेक्शनपूर्वी कानातून घेतलेल्या रक्तात साखर साडेतीनशे-चारशेच्या घरातच दिसते. डोस अर्ध्या युनिटने वाढवला की दोन-चार दिवस आकडा जरा खाली येतो आणि पुन्हा पहिल्या जागी जातो. मग आणखी अर्धे युनिट वाढते. मांजर मात्र पाणी पीतच राहते, लिटरमधले (शौचाच्या वाळूतले) ओले गोळे मोठे होत जातात आणि वजन घटत जाते. अशा वेळी सगळा दोष डोसावर ढकलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे, कारण सकाळचा एकटा आकडा डोस कमी आहे की जास्त हे सांगूच शकत नाही. डोस अपुरा असला तरी तो चढा असतो, इन्सुलिन शरीरात पोचलेच नसले तरी चढा असतो, आणि दुपारी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरून संध्याकाळपर्यंत पुन्हा वर आली असली तरीही चढाच असतो. या तीन शक्यतांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

या लेखातील साखरेचे सर्व आकडे मि.ग्रॅ./डेसिलिटर या एककात आहेत. आपला मीटर मिलिमोलमध्ये आकडा दाखवत असेल, तर त्याला 18 ने गुणावे.

आधी तातडीच्या दोन गोष्टी

पुढची सगळी तपासणी शांतपणे करायची आहे. परंतु दोन प्रसंगांत तपासत बसायला वेळ नसतो. साखर 60 च्या आसपास किंवा त्याखाली गेली, अथवा आकडा काहीही असो पण मांजर झोकांड्या देऊ लागले, एकाएकी हावरेपणाने अन्न मागू लागले, अंग थरथरू लागले किंवा झटके आले, तर साखर अतिशय उतरली आहे असेच समजून चालावे. मांजर शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर त्याला ताबडतोब खायला द्यावे, आणि ते खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे दाट द्रावण बोटाने हिरड्यांवर चोळावे. झटके चालू असताना तोंडात पातळ पदार्थ ओतू नये, कारण तो श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि दातांच्या मध्ये बोटही घालू नये. ओठ उचलून हिरड्यांच्या बाहेरच्या बाजूला थोडेसे द्रावण लावावे आणि मांजराला घेऊन दवाखान्याकडे निघावे. मांजर सावरले म्हणून निश्चिंत होणे योग्य नाही, कारण दिलेल्या इन्सुलिनचा अंमल आणखी काही तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. मांजराने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, ते मलूल होऊन कोपऱ्यात पडून राहिले आणि लघवीत कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारी आम्ले) दिसले, तर हा रक्तात ही आम्ले साठण्याचा जीवघेणा विकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस असू शकतो. त्याचा इलाज घरी होत नाही. शिरेतून सलाईन आणि दवाखान्यातील देखरेख लागते. म्हणूनच लघवीतील कीटोन तपासण्याच्या पट्ट्या घरात असाव्यात. त्याच पट्टीवर साखरेचाही चौकोन असतो, परंतु त्याच्या रंगावरून इन्सुलिन वाढवू नये. मांजराच्या रक्तातील साखर साधारण 250 ते 290 च्या पुढे गेली की ती लघवीत उतरते, आणि मूत्राशयात कित्येक तासांची लघवी एकत्र साठलेली असते. त्यामुळे पट्टीचा गडद रंग आता या क्षणी काय चालले आहे ते सांगत नाही.

आकडा खरा आहे का?

मांजराची साखर केवळ भीतीने आणि चिडण्याने बरीच वर जाते. मधुमेह नसलेल्या मांजराची साखरसुद्धा दवाखान्यातल्या धरपकडीत तीनशेच्या वर गेलेली आढळते, मग घरात टॉवेलमध्ये गुंडाळून, दोघांनी दाबून धरून घेतलेल्या थेंबावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. झटापट झाली असेल तर वहीत आकड्यासमोर तसे लिहून ठेवावे. रक्त कानाच्या कडेने जाणाऱ्या बारीक शिरेजवळून घेतात. कान आधी हाताने किंवा कोमट कापडाने अर्धा मिनिट उबदार करावा, केसांवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवावा, म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो, आणि कानाच्या मागे कापसाचा बोळा धरून मग लॅन्सेट टोचावे. थेंब पिळून काढावा लागत असेल तर कान पुरेसा उबदार झालेला नाही असे समजावे.

मीटर कोणता, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. माणसाच्या रक्तातील साखरेचा मोठा भाग तांबड्या पेशींमध्ये असतो, मांजराच्या रक्तातील साखर मात्र जवळजवळ सगळी पेशींबाहेरच्या द्रवात असते. माणसांसाठी बनवलेले मीटर हे प्रमाण गृहीत धरत नाहीत, म्हणून ते मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. प्राण्यांसाठीच्या काही मीटरमध्ये कुत्र्यासाठी आणि मांजरासाठी वेगळा कोड निवडावा लागतो, आणि तो चुकीचा राहिला तर रोजचे सगळेच आकडे फसवे निघतात. माणसांचा मीटर वापरू नये असे नाही. परंतु एकच मीटर कायम ठेवावा, तो कोणता आहे हे पशुवैद्यांना सांगावे आणि सकाळी एकाने व संध्याकाळी दुसऱ्याने मोजून त्यांची तुलना करू नये. स्ट्रिपची मुदत, डब्याचे झाकण घट्ट बसते की नाही आणि थेंब स्ट्रिपला पुरतो का, या तीन गोष्टी पाहायला एक मिनिटही लागत नाही. मांजर नेहमीसारखे वागत असताना अगदीच अनपेक्षित आकडा आला, तर नवी स्ट्रिप लावून लगेच पुन्हा मोजावे.

कुपी, सिरिंज आणि टोचणे

माझ्या मते निम्म्याहून अधिक कोडी याच टप्प्यावर सुटतात, आणि तरीही याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, कारण रोज दोनदा करण्याच्या कामाची पुन्हा उजळणी करावी असे कोणाला वाटत नाही.

सर्वप्रथम कुपीवरची आणि सिरिंजवरची खूण शेजारी ठेवून वाचावी. प्राण्यांसाठीची काही इन्सुलिने यू-40 असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटे. ग्लार्जिनसारखी मांजरांना दिली जाणारी, मूळची माणसांसाठीची इन्सुलिने बहुधा यू-100 असतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात; यू-40 ला सहसा लाल टोपण आणि यू-100 ला नारिंगी, पण टोपणाच्या रंगावर न जाता छापलेले अक्षर पाहावे. यू-40 इन्सुलिन यू-100 च्या सिरिंजमध्ये एक युनिटाच्या रेघेपर्यंत भरले, तर मांजराला प्रत्यक्षात 0.4 युनिटच मिळते. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो आणि मूळ घोटाळा दडून राहतो; मग एखाद्या दिवशी दुकानातून योग्य सिरिंजचे पाकीट येते आणि तोच वाढलेला आकडा अडीचपट इन्सुलिन होऊन मांजराच्या अंगात जातो. उलट प्रकार, म्हणजे यू-100 इन्सुलिन यू-40 च्या सिरिंजने, हा पहिल्याच दिवशी जिवावर बेतणारा आहे.

मात्रा किती सूक्ष्म असते याची कल्पना नसल्यामुळेही गोंधळ होतो. यू-100 चे एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. एवढ्याशा द्रवात शिरलेला हवेचा छोटा बुडबुडा अर्धा डोस गिळू शकतो. म्हणून 30 युनिटांची, अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली सिरिंज घ्यावी, ती उजेडात डोळ्यांच्या समोर धरून भरावी, आणि दट्ट्याच्या सुईकडील काळ्या कडेवरच मात्रा वाचावी. घरात दोघे जण इंजेक्शन देत असतील तर दोघांनी एकदा एकमेकांसमोर सिरिंज भरून दाखवावी. एक जण वरची कडा धरतो आणि दुसरा खालची, हा प्रकार वाटतो तितका विरळा नाही. सिरिंजऐवजी इन्सुलिनचे पेन वापरत असल्यास प्रत्येक वेळी नवी सुई लावून 2 युनिटे हवेत सोडून पाहावी, सुईच्या टोकावर थेंब दिसला की मगच डोस लावावा.

कुपी फ्रीजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे, तीही दाराच्या कप्प्यात नको आणि मागच्या थंड भिंतीला टेकूनही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्ववत वाटले तरी टाकून द्यावे. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले किंवा त्यात कण तरंगू लागले तर ती कुपी निकामी झाली. याउलट काही इन्सुलिने मुळातच दुधाळ असतात आणि तळाशी बसलेला भाग नीट मिसळल्याखेरीज ती भरायची नसतात. कोणते हलवायचे, कोणते फक्त तळहातांमध्ये फिरवायचे आणि कोणाला धक्काही लावायचा नाही, हे त्या त्या इन्सुलिनच्या माहितीपत्रकात दिलेले असते; एका इन्सुलिनवरून दुसऱ्यावर गेल्यावर जुनीच सवय चालू ठेवू नये. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी, म्हणजे "मागच्या महिन्यापर्यंत ठीक होते" या वाक्याचा अर्थ लागतो.

आता प्रत्यक्ष टोचणे. मांजराच्या खांद्याच्या मागे किंवा बाजूला कातडी चिमटीत उचलली की तिचा छोटा तंबू होतो. सुई त्या तंबूच्या पायथ्याशी, अंगाला जवळपास समांतर आत जायला हवी. दाट केसांच्या मांजरात दोन चुका होतात : सुई कातडीत न शिरता केसांतच राहते, किंवा तंबूच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येते. दोन्हींत दट्ट्या सहज दाबला जातो, मांजर हूं की चूं करत नाही आणि देणाऱ्याला वाटते की आज हात छान बसला. इंजेक्शननंतर त्या जागेवर बोट फिरवावे. केस ओलसर लागले आणि बोटाला औषधी, जंतुनाशकाचा उग्र वास आला, तर इन्सुलिन बाहेर सांडले आहे. अशा वेळी किती आत गेले याचा अंदाज बांधून पुन्हा टोचू नये. एक डोस हुकल्याने होणारे नुकसान थोडे असते, दुप्पट डोसाने जीव जाऊ शकतो. म्हणून ती वेळ सोडून पुढचा डोस ठरल्या वेळी द्यावा. हाच नियम "दिले की नाही ते आठवत नाही" या प्रसंगालाही लागू आहे, आणि त्यासाठी फ्रीजच्या दारावर चिकटवलेला, प्रत्येक डोसानंतर खूण करायचा कागद कोणत्याही अ‍ॅपपेक्षा खात्रीचा वाटतो. रोज एकाच ठिकाणी टोचू नये. आणि त्या जागेचे थोडे केस कापून घेतले तर निम्मी अडचण तिथेच संपते.

खाद्य

मांजर हा कट्टर मांसाहारी प्राणी आहे आणि मधुमेही मांजराला भरपूर प्रथिने व अगदी कमी कर्बोदके असलेले, शक्यतो ओले खाद्य मानवते. कोरड्या दाण्यांत कर्बोदके सहसा जास्त असतात, कारण दाण्याला आकार देण्यासाठी पिष्ट लागते. घरात दुसरे मांजर असेल तर त्याच्या वाडग्यातील दाणे, प्रेमाने दिले जाणारे खाऊचे तुकडे आणि गोळी गिळवण्यासाठी वापरलेली गोडसर पेस्ट यांचा हिशेब आधी घ्यावा. मात्र जोरात असलेला डोस तसाच ठेवून दाण्यांवरून ओल्या खाद्यावर एकदम उडी मारणे धोक्याचे आहे. कर्बोदके घटली की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच उतरू शकते, म्हणून हा बदल पशुवैद्यांना सांगून आणि त्या काळात साखर अधिक वेळा मोजून करावा. जाड मांजराचे वजन उतरवायचे असेल तरी आठवड्याला अर्धा ते एक टक्का हा वेग पुरे. स्थूल मांजर उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचण्याचा गंभीर विकार जडतो. मांजराने नेहमीपेक्षा कमी खाल्ले किंवा मुळीच खाल्ले नाही, तर इन्सुलिन किती द्यायचे, आणि इंजेक्शनपूर्वीची साखर कोणत्या आकड्याखाली असल्यास इंजेक्शन न देता फोन करायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे पशुवैद्यांकडून आधीच लिहून घ्यावीत.

दिवसभराचा आलेख

वरील सगळे ठीक निघाले की मग ग्लुकोज कर्व्हकडे वळावे. सकाळी नेहमीचे खाद्य आणि नेहमीचा डोस देऊन, इंजेक्शनपूर्वी एकदा आणि त्यानंतर दर दोन तासांनी, पुढच्या इंजेक्शनपर्यंत साखर मोजायची. बारा तासांत सात टोचण्या होतात. बहुतेक मांजरे प्रत्येक टोचणीनंतर मिळणाऱ्या मांसाच्या छोट्या तुकड्याच्या बदल्यात त्या सोसतात.

समजा दोन मांजरांची सकाळी आठची साखर 380 आहे. पहिल्याचे पुढचे आकडे 345, 320, 300, 315, 350 आणि रात्री आठला 375 असे आले. दुसऱ्याचे 210, 95, 68, 140, 290 आणि रात्री आठला 370 असे आले. सकाळ-संध्याकाळचेच आकडे लिहिणाऱ्याच्या वहीत ही दोन्ही मांजरे सारखीच दिसतील. पहिल्याची साखर हललीच नाही. इन्सुलिन खरोखर आत जात असल्याची खात्री झाल्यावर त्याचा डोस वाढवण्याचा विचार करता येईल. दुसऱ्याचा डोस वाढवला तर दुपारी दोनची 68 ही साखर चाळिशीत जाईल, आणि त्या वेळी घरात कोणी नसेल. त्याचा डोस कमी केला पाहिजे, आणि इन्सुलिनचा अंमल आठ-नऊ तासांतच संपतो आहे असे पुन्हा दिसले तर जास्त काळ टिकणाऱ्या प्रकाराविषयी पशुवैद्यांशी बोलावे लागेल. दिवसातील सर्वांत खालचा आकडा 80 ते 150 च्या दरम्यान यावा, असे उद्दिष्ट साधारणपणे धरले जाते. खूप उतरल्यामुळे शरीर उलटून साखर वर ढकलते, या स्पष्टीकरणाचा पूर्वी सर्रास वापर होत असे. मांजरांमध्ये असे खरोखर घडल्याचे फारसे आढळत नाही, आणि अल्पकाळ टिकणारा अंमल हेच कारण अधिक वेळा निघते.

एकाच डोसावरचे दोन दिवसांचे आलेखही तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एका आलेखावर मोठा निर्णय घेऊ नये. डोस बदलल्यावर शरीराला त्याच्याशी जुळवून घ्यायला साधारण पाच ते सात दिवस द्यावेत. रोजच्या आकड्यामागे धावत डोस वरखाली केल्याने आलेख वाचण्याजोगाच राहत नाही. याला अपवाद एकच : साखर फार खाली गेली तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यांना विचारून डोस कमी करावा.

कान टोचू न देणाऱ्या मांजरासाठी माणसांचा, त्वचेवर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर वापरतात. त्याची मुदत 14 दिवसांची असली तरी मांजराच्या अंगावर तो पुष्कळदा त्याआधीच निघतो. तो रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे झपाट्याने होणारा बदल त्यात थोडा उशिरा दिसतो आणि धोक्याचा आकडा मीटरवर पडताळून घ्यावा लागतो. रात्रीची साखर मात्र त्याच्याइतकी सहज दुसरे कोणी दाखवत नाही. रक्तातील फ्रुक्टोसॅमिन ही चाचणी मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते आणि त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण सरासरीत दुपारची घसरण लपते.

आकड्यांच्या बरोबरीने वजन, पाणी आणि चाल यांची नोंद ठेवावी. मोजून ओतलेल्या आणि उरलेल्या पाण्याचा फरक दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलिलिटरच्या पुढे जात असेल तर ते निश्चितच अति आहे. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालणे ही मज्जातंतूंवर झालेल्या परिणामाची खूण आहे. साखर आटोक्यात आल्यावर ती सुधारते, मात्र त्याला कित्येक महिने लागू शकतात.

तरीही उतरत नसेल तर

पद्धत निर्दोष, कुपी ताजी, आणि डोस दर वेळी किलोमागे दीड युनिटाच्या वर गेला तरी आलेख सपाट, अशी स्थिती आली की इन्सुलिनला शरीरातून विरोध होतो आहे असे मानून कारण शोधावे लागते. पहिला प्रश्न औषधांचा : खाज, दमा किंवा आतड्याच्या विकारासाठी स्टेरॉइड चालू आहे का, किंवा काही आठवड्यांपूर्वी त्याचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दिले होते का? नंतर किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या, मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड वाढणे आणि मूत्रपिंडाचे विकार यांची तपासणी होते. यांतील दातांचे दुखणे घरी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, कारण मांजर दुखऱ्या तोंडानेही जेवते.

उरते ते वाढ-संप्रेरकाचा अतिरेक, म्हणजे अ‍ॅक्रोमेगली. पूर्वी हा विकार अपवादात्मक समजत, पण ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक मधुमेही मांजरांच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्शामध्ये तो असावा असा अंदाज निघाला. साखर आटोक्याबाहेर असूनही वजन वाढते आहे, डोके आणि पंजे रुंद होत आहेत, खालचा जबडा पुढे आला आहे, ही त्याची चिन्हे. मात्र कित्येक मांजरांत बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी रक्तातील आयजीएफ-1 (वाढ-संप्रेरकाच्या प्रभावाने यकृतात तयार होणारे संप्रेरक) मोजतात. ही चाचणी इन्सुलिन सुरू होऊन सहा ते आठ आठवडे झाल्यावर करून घ्यावी, कारण उपचार न झालेल्या मधुमेहात हा आकडा खोटाच कमी येऊ शकतो.